दूरची खोली आणि बिनतारी लहरी

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्यानें निघालें म्हणजे प्रथम खडकी लागते, आणि मुळेवरील पूल ओलांडला कीं दापोडीपासून पिंपरी-चिंचवडची हद्द सुरू होते. या खडकीस १९२७ सालीं बिनतारी संदेश पाठविण्याचें एक मोठें ठाणें सुरू झालें. तेथून सुटलेले संदेश थेट इंग्लंडांत ऐकले जात, आणि तिकडून येणारे संदेश दौंडच्या ठाण्यावर टिपले जात. आज त्याच खडकीपासून थोड्या कोसांच्या टापूंत अशीं किती तरी घरें आहेत, कीं जेथें दिवाणखान्यांतील राउटरमधून निघालेली लहर मागच्या खोलींतील टेबलापर्यंत धड पोंचत नाहीं. कोठें सातासमुद्रांपलीकडील विलायत, आणि कोठें वीस पावलांवरील खोली!

विरोध दिसतो तेवढा मोठा नाहीं. खडकीच्या लहरींच्या वाटेंत भिंत नव्हती. उंच मनोऱ्यांवरून त्या आकाशांत सोडल्या जात आणि वातावरणाच्या अगदीं वरच्या, विद्युद्भारित थरावरून परावर्तन पावून पुन्हां पृथ्वीकडे वळत. शिवाय त्यांच्यामागें शक्ति मोठी होती. घरांतील लहरीला ना तें आकाश, ना ती शक्ति. तिला चार पावलांवर एक भिंत, पुढें एक लोखंडी कपाट, त्यापुढें स्नानगृहाची फरशी आणि नळ, आणि मग आणखी एक भिंत. तेव्हां खोली दूर आहे याचा अर्थ ती फुटांनीं दूर आहे असा नसून भिंतींनीं दूर आहे असा घ्यावयाचा.

ही दूरची खोली म्हणजे घरांतील अडगळहि नव्हे. चिखली किंवा मोशी येथील दोन शयनगृहांचें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. वडील चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळीस जातात. सकाळीं कंपनीच्या बसनें परततात, आणि दुपारपर्यंत एक खोली त्यांच्या झोंपेसाठीं बंद राहते. दिवाणखान्यांत आजी, दूरचित्रवाणी आणि येणारें-जाणारें माणूस. अभ्यासाला उरते ती टोंकाची खोली. तींतच बारावींतल्या मुलीचें टेबल, तिचीं पुस्तकें आणि संगणकावरील सराव-परीक्षा. घड्याळ पुढें सरकत असावें आणि पडद्यावर प्रश्नाऐवजीं नुसतें चक्र फिरत असावें, ही स्थिति ज्यानें भोगली त्याला या विषयाचें महत्त्व समजावून सांगण्याचें कारण नाहीं. २०२० सालीं शाळा बंद पडल्या आणि वर्ग घरांत आले, तेव्हां ज्या मुलाच्या वांट्याला दिवाणखान्याचा कोपरा आला तो वर्गांत बसला. ज्याच्या वांट्याला मागची खोली आली तो अर्धा तास दारांत उभा राहून ऐकत राहिला. एकाच घरांतल्या दोन भावंडांतसुद्धां असा भेद पडला.

आतां ही पेटी नेमकी मुख्य दाराशींच कां असते? याचें उत्तर शास्त्रांत नाहीं, पेटी बसविणाऱ्या माणसाच्या घाईंत आहे. काचतंतूची केबल जिन्यांतून वर येते आणि दारावरील भोंकांतून आंत शिरते. जेथें ती शिरली तेथेंच, पादत्राणांच्या कपाटावर किंवा दूरचित्रवाणीच्या मागें, पेटी ठोकली जाते. गृहिणी विचारते, "दादा, ही जरा आंतल्या बाजूला बसवतां येणार नाहीं का?" तो म्हणतो, "काकू, इथें घेतली तर आत्तां चालूं होते. आंत न्यायची तर केबल वाढवावी लागेल, भोंकें पाडावीं लागतील." त्याला संध्याकाळपर्यंत आणखी सहा घरें उरकावयाचीं असतात. "मग राहूं द्या इथेंच," असें काकू म्हणतात, आणि त्या एका वाक्यावर घरांतील पुढील पांच वर्षांचा बंदोबस्त ठरून जातो.

लहर भिंतींतून जाते हें खरें आहे. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास जाहीर प्रयोग करून, भिंतींपलीकडे पाठविलेल्या लहरीनें घंटा वाजवून दाखविली होती. परंतु घंटा वाजण्यास लहरीचा एक धक्का पुरतो. चालतें चित्र आणि शिक्षकाचा आवाज आणावयाचा म्हणजे दर सेकंदास लाखों खुणा बिनचूक उतरल्या पाहिजेत. लहर क्षीण झाली कीं खुणा पुसट होतात, पुसट खुणा पुन्हां मागवाव्या लागतात, आणि या मागवामागवींत वेळ जातो. म्हणून दूरच्या खोलींत फोन 'जोडलेला' दिसतो, पण काम पुढें सरकत नाहीं.

घरांतील वायफाय मुख्यतः दोन प्रकारच्या लहरींवर चालतें. एक २.४ गिगाहर्ट्झची, जिची तरंगलांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, जिची लांबी तिच्या निम्म्याहून कमी. पहिली वेगानें बेताची पण भिंतींना अधिक दाद न देणारी. दुसरी चपळ, पण नाजूक. अंतर दुप्पट झालें कीं मोकळ्या जागेंतहि लहरीचा जोर चौथाईवर येतो, आणि त्यांत भिंतीचा कर निराळा द्यावा लागतो. हा कर भिंत कशाची आहे यावर ठरतो, आणि येथें पिंपरी-चिंचवडच्या घरांचा इतिहास उपयोगी पडतो.

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि कारखान्यांपाठोपाठ वसाहती उठल्या. १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण निघालें. तें २०२१ सालीं विसर्जित झालें, पण निगडीच्या बाजूच्या पेठांना लोक अजून प्राधिकरणच म्हणतात. तेथील जुन्या बंगल्यांत आणि जोडघरांत विटांच्या भिंती आहेत. बाहेरच्या नऊ इंची, आंतल्या बहुधा चार इंची. वीट कोरडी असली तर लहरीस फारसा त्रास देत नाहीं. तेथें अडचण येते ती मजल्याची, म्हणजे डोक्यावरील लोखंड-काँक्रीटच्या छताची. त्यानंतरच्या इमारतींत खांब व तुळया काँक्रीटच्या आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा हलक्या ठोकळ्यांच्या. येथें लहर खांब चुकवून कशीबशी वाट काढते. परंतु अलीकडील अनेक उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या सांच्यांत काँक्रीट ओतून भिंतीसुद्धां सबंध काँक्रीटच्या करतात, आणि त्यांत लोखंडी सळ्यांची जाळी असते. भिंत सरळ, गुळगुळीत, मजबूत. खिळा ठोकतांना हातोडी उडते. लहरीचेंहि तसेंच होतें. अशी एक भिंत दहा भागांपैकीं नऊ भाग खाऊन टाकते असें हिशेबासाठीं धरलें, तर दोन भिंतींपलीकडे शंभरांतील एक भाग उरतो. लहर भिंतींत तिरकी शिरली तर तिला तीच भिंत अधिक जाड पडते, हें आणखी वेगळेंच. नव्या घरांत राहावयास गेलेल्या कुटुंबाला जुनाच राउटर एकाएकीं निकामी वाटूं लागतो, त्याचें कारण बहुतेक वेळां हेंच असतें. राउटरवर राग काढण्यांत अर्थ नसतो.

भिंतीशिवायहि चोर असतात. लोखंडी कपाट, शीतकपाट, कपाटाच्या दारावरील मोठा आरसा, डांसांसाठीं बसविलेली धातूची जाळी हीं लहरीला परतवून लावतात. पाणी तिला पितें. म्हणून माळ्यावरील पाण्याची टांकी किंवा माशांची मोठी पेटी मध्यें आली तर पलीकडे सावली पडते. अन्न गरम करण्याच्या मायक्रोवेव्ह भट्टीचें काम २.४५ गिगाहर्ट्झवर चालतें, त्यामुळें ती चालूं असतां जवळपासच्या २.४ च्या संभाषणांत कर्कश गोंगाट शिरतो. दोन मिनिटांचा प्रश्न असल्यानें त्याची फिकीर कोणी फारशी करूं नये.

येथें बाजारांतील एका समजुतीचा समाचार घेणें अवश्य आहे. खोली दूर आहे, तर राउटर जोरदार घ्यावा, असें पुष्कळांस वाटतें. चार-सहा काड्यांचा राउटर पाहून गिऱ्हाईक भुलतें. पण बिनतारी जोडणी म्हणजे नभोवाणी नव्हे. नभोवाणींत केंद्रानें बोलावें आणि श्रोत्यानें ऐकावें. वायफायमध्यें फोनलाहि प्रत्येक वाक्याला हुंकार द्यावा लागतो, आणि फोनचा आवाज बारीक असतो. लहानशा विजेरीवर तो चालावयाचा, तेव्हां तो तसाच असणार. गल्लींतून कोणी कर्ण्यानें हांक मारली तर चौथ्या मजल्यावर ऐकूं येईल, पण आजारी माणसानें खिडकींतून दिलेलें उत्तर खालीं कसें पोंचावें? शिवाय या लहरींचा परवान्याशिवाय वापर भारतांत २००५ सालीं मोकळा झाला तो शक्तीची मर्यादा घालूनच, २.४ गिगाहर्ट्झवर सर्व मिळून ४ वॅटांपलीकडे जातां येत नाहीं. तात्पर्य, जोर वाढवून भिंत फोडण्याचा मार्ग थोडक्यांत संपतो.

दुसरी गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. घरांतील सर्व यंत्रें एकाच हवेंत पाळीपाळीनें बोलतात. दूरच्या खोलींतील फोनला आपलें म्हणणें सावकाश, अक्षर अक्षर फोडून सांगावें लागतें, आणि तेवढा वेळ बाकीच्यांना गप्प बसावें लागतें. म्हणजे मागच्या खोलींतील मुलगी झगडत असली कीं दिवाणखान्यांतील आजीचें कीर्तनहि अडखळतें. दुखणें एका खोलीचें असलें तरी ताप सबंध घराला येतो, आणि मग सर्वजण मिळून कंपनीला दूषण देतात.

कंपनीचा दोष असेल तर तो निराळा पाडून पाहतां येतो, आणि कांहींहि विकत घेण्यापूर्वीं तें केलें पाहिजे. पेटीपासून दोन-तीन हातांवर उभें राहून वेग मोजावा. तेथेंच तो मंद असेल तर भिंतींचा अपराध नाहीं. बाहेरील जोडणी, घेतलेली योजना किंवा पेटी यांतच कोठें तरी पाणी मुरतें आहे. पेटीजवळ वेग उत्तम आणि मागें खराब असेल, तरच हें भाषण पुढें ऐकण्यांत लाभ आहे. मग प्रत्येक खोलींत, रात्रीं नऊच्या सुमारास, दार लावून लहरीचा जोर पहावा. अँड्रॉइड फोनवर तो मोजून दाखविणारीं साधनें फुकट मिळतात. जोर उण्या आंकड्यांत दिसतो: उणें ५० उत्तम, उणें ६७ पर्यंत चित्रासह संभाषण सुखानें चालतें, उणें ८० च्या आसपास काम जवळजवळ थांबतें. या आंकड्यांत २० चा फरक म्हणजे शंभरपट फरक, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

पहिला उपाय बिनपैशाचा किंवा अगदीं थोड्या पैशाचा. पेटी कपाटांतून, पडद्यामागून आणि दूरचित्रवाणीच्या पाठीमागून बाहेर काढावी; खांद्याइतक्या किंवा त्याहून उंच जागीं, घराच्या शक्य तितक्या मधोमध, आंतील बोळाच्या तोंडाशीं ठेवावी. बोळ ही लहरींची हमरस्त्यासारखी वाट आहे. लांकडी दार त्यांना फारसें अडवीत नाहीं, म्हणून दारांतून दारांत त्या जितक्या खोल जातात तितक्या भिंतींतून जात नाहींत. पेटी पांच-सहा हात सरकविल्यानें दोन भिंतींऐवजीं एकच भिंत मध्यें राहिली, असें पुष्कळ घरांत घडतें, आणि त्या एका भिंतीची किंमत वर सांगितलीच आहे. पेटीच्या काड्या उभ्या असल्या म्हणजे लहर चहूंबाजूंस आडवी पसरते, काडीच्या टोंकाच्या दिशेनें मात्र थोडी जाते. प्राधिकरणांतील दुमजली जोडघरांत म्हणून एखादी काडी आडवी करून पहावी. वरच्या मजल्याला त्याचा गुण येतो.

उंच इमारतींत शेजाऱ्यांचाहि विचार करावा लागतो. फोनवर पाहिलें तर वीस-वीस राउटरांचीं नांवें दिसतात, कांहीं विनोदी तर कांहीं शेजाऱ्याला टोमणा मारणारीं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत परस्परांना धक्का न लावणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. यांपैकीं जो कमी गजबजलेला असेल तो पेटींत ठरवून द्यावा. ४ किंवा ८ निवडण्यांत शहाणपणा नाहीं, कारण मग दोन्ही बाजूंचा गोंगाट सहन करावा लागतो. जवळच्या खोल्यांतील यंत्रें ५ गिगाहर्ट्झवर नेलीं कीं २.४ चा पट्टा दूरच्यांसाठीं मोकळा होतो.

एवढ्यानें भागलें नाहीं तर माणूस दुकानांत जातो आणि रिपीटर आणतो. तो आणावयास हरकत नाहीं, पण तो लावतात कोठें? बहुतेक मागच्या खोलींतच, टेबलाशेजारीं, जेथें लहर मेलेलीच आहे. ज्याला स्वतःला ऐकूं येत नाहीं तो दुसऱ्याला काय सांगणार? रिपीटर वाटेच्या मध्यावर, जेथें लहर अजून धडधाकट आहे आणि पुढें फार तर एक भिंत उरली आहे, अशा ठिकाणीं पाहिजे. तसें केलें तरी साधा, एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट एकदां ऐकतो आणि एकदां पुन्हां सांगतो, त्यामुळें वेग निम्म्यावर येतो. 'मेश' या नांवानें मिळणाऱ्या दोन-तीन पेट्यांच्या जोडण्या याहून शहाण्या असतात. घरभर एकच नांव चालतें आणि फोन एका पेटीकडून दुसरीकडे आपोआप सोंपविला जातो. परंतु त्या पेट्यांचें आपसांतील बोलणेंहि जर त्याच काँक्रीटमधून चालणार असेल, तर तक्रार खोलींतून उठून पेटींत गेली एवढेंच.

खरा उपाय तारेचा आहे. बिनतारीच्या भाषणांत तारेची शिफारस ऐकून कोणी हंसेल. पण चाकणहून पुढें नाशिक रस्त्यानें नारायणगांवापर्यंत जावें आणि खोडदची प्रचंड रेडिओ दुर्बीण पहावी. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या या दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, आणि त्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. आकाशगंगांपलीकडील लहरी त्या बिनतारी टिपतात खऱ्या. परंतु टिपलेला संकेत तबकडीपासून मुख्य इमारतींत आणला जातो तो जमिनींत पुरलेल्या काचतंतूंतून. जगांतील अत्यंत हलका आवाज ऐकणाऱ्यांनींसुद्धां जेथें तार टाकतां येते तेथें ती टाकली आहे. घरांतहि तोच न्याय: दाराजवळील पेटीपासून दूरच्या खोलीपर्यंत तार न्यावी, तेथें दुसरी लहान पेटी ठेवावी, आणि बिनतारीकडे शेवटचीं चार पावलें तेवढीं सोंपवावीं. मेशच्या पेट्याहि अशा तारेनें जोडल्या कीं आपला खरा गुण दाखवितात.

बाजारांत जिला 'कॅट-६' म्हणतात ती तार यासाठीं पुरेशी आहे. १०० मीटरपर्यंत ती नेतां येते, आणि एवढें लांब घर या भागांत कोणाचें असण्याचा संभव नाहीं. अनेक इमारतींत दूरध्वनीच्या व दूरचित्रवाणीच्या तारांसाठीं भिंतींत नळ्या घातलेल्या असतात, आणि आतां त्यांतील जुन्या तारा निरुपयोगी झाल्या आहेत. त्याच जुन्या तारेला नवी बांधून ओढली कीं भिंतीला हात न लावतां ती मागच्या खोलींत निघते. सुताराला किंवा रंगाऱ्याला बोलवावें लागत नाहीं. विजेच्या तारांच्या नळींतून मात्र ती कधींहि नेऊं नये. त्यांत जीविताचा धोका आहे, आणि वायरमन "चालतें हो" म्हणाला तरी ऐकूं नये. विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे जोडठोकळे मिळतात, त्यांची गोष्ट निराळी. तीं तयार यंत्रें आहेत. पण घराला तीन फेजांची वीज असेल आणि दोन खोल्या निरनिराळ्या फेजांवर असतील, तर त्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं.

पेट्या वाढल्या कीं विजेवरील अवलंबनहि वाढतें. पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक भागांत गुरुवार हा साप्ताहिक सुटीचा वार, आणि वीज कंपनीचीं दुरुस्तीचीं कामेंहि पुष्कळदां त्याच दिवशीं निघतात. त्या दिवशीं दाराजवळील पेटी विजेरीवर जिवंत राहिली आणि मागची मेली, तर परीक्षेला बसलेल्या मुलीच्या दृष्टीनें सगळेंच मेलें. म्हणून राउटरसाठीं मिळणारी लहान विजेरी घ्यावयाची असेल तर ती दोन्ही ठिकाणीं घ्यावी.

भाड्याच्या घरांतील लोकांची, आणि चाकणच्या नोकऱ्यांमुळें तशीं कुटुंबें या पट्ट्यांत पुष्कळ आहेत, अडचण एवढीच कीं घरमालक भोंक पाडूं देत नाहीं. त्यांनीं चपटी तार घ्यावी. भिंतीच्या तळाशीं फरशीची जी पट्टी असते तिच्या कडेनें ती चिकटवीत नेली तर पाहुण्यालाहि दिसत नाहीं, आणि घर सोडतांना गुंडाळून बरोबर नेतां येते. दार मात्र जपावें. दिवसांतून पन्नास वेळां लागणारें-उघडणारें दार तारेवरून घांसत गेलें तर दोन महिन्यांत आंतील एखादा धागा तुटतो आणि दोष सांपडतां सांपडत नाहीं. म्हणून तेथें तार उंबऱ्याशीं न ठेवतां चौकटीच्या वरून फिरवून न्यावी.